हात लागला

…आणि ते कपाट नंतर आवर गं, कपाट काही पळून जात नाही. इथे बस माझ्याजवळ. मी बोलते तसं लिही, मध्ये सुधारत बसू नकोस. मागच्या वेळी माझ्या बोलण्याला अशी इस्त्री केलीस की वाचून दाखवलंस तेव्हा मलाच कळेना, ही कोण बाई बोलतेय.

तर तुझी मावशीआजी. माझ्या पाठची बहीण. तू तिला पाहिलंस ते खिडकीशी बसलेली, कोणी हाक मारली तरी लवकर न वळणारी. पण ती अशी नव्हती हं. हॉस्पिटलात तिला सगळे उशीमावशी म्हणायचे. खरं नाव नुसतं हजेरीच्या वहीत. एकदा कोणी तिचं खरं नाव घेऊन शोधत आलं, तर दारावरचा माणूस म्हणाला, असं इथे कोणी नाही. आणि ती त्याच्या मागेच उभी.

उशी का, ते सांगते. पाठीचं ऑपरेशन म्हणजे माणूस पालथा लागतो. आधी उताणा निजवून भूल देतात. मग तो ओंडक्यासारखा झाला की पाच-सहा जणांनी एकदम उचलून पालथा करायचा. आणि पालथा केला, टाकला, असं नसतं ते. पोट मोकळं लोंबलं पाहिजे. पोट दाबलं की आतलं रक्त तुंबतं, आणि वर कापलं की भसाभसा वाहतं. म्हणून छातीखाली उशी, कमरेच्या दोन हाडांखाली दोन, गुडघ्यांना मऊ, घोट्याखाली गुंडाळी. डोळ्यावर भार नको, कोपरावर भार नको. निजलेल्या माणसाला दुखलं तरी तो सांगणार कसा? त्याचं दुखणं दुसऱ्यालाच आधी कळायला हवं. ते हिला कळायचं. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. उशांच्या खोळी स्वतः शिवायची, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, आत टोचू नये म्हणून.

ऑपरेशन चालू असताना ती पायाशी स्टुलावर बसायची. चार-चार तास. उशी मध्येच सरकते कधीकधी, घामाने, नाहीतर वरून हातोडी बसते त्याने. मग ही चादरीखाली वाकायची, खांदा लावायची आणि उशी जागेवर ढकलायची. कोणी सांगायला लागायचं नाही. मोठे डॉक्टर मान न वळवता विचारायचे, "मावशी, ठीक?" ही म्हणायची, "ठीक." एवढंच काय ते बोलणं.

हे मोठे डॉक्टर जुन्या हाताचे. बोटांनी मणके मोजायचे, बोटांनी जागा शोधायचे, मणके जखडायचा स्क्रू आत जाताना हाड कसं लागतंय ते मनगटाला कळायचं त्यांच्या. फार कडक. पण हिच्याशी कधी आवाज चढवला नाही.

मग तो धाकटा डॉक्टर आला. कुठेतरी लांब शिकून आलेला, डावखुरा, चहा न पिणारा, नुसतं गरम पाणी पिणारा. येताना एक पेटी घेऊन आला. पेटीत चष्मा. चष्मा म्हणजे आपला नाकावरचा नव्हे, वेल्डिंगवाला तोंडावर धरतो तसलं काहीतरी, पट्ट्याने डोक्याला आवळायचं. रोग्याच्या स्कॅनमध्ये जे हाडांचं चित्र निघतं ना, ते त्या चष्म्यातून थेट रोग्याच्या पाठीवर दिसायचं. कातडी तशीच, मांस तसंच, आणि त्यातून आतलं हाड दिसतंय असं वाटायचं. स्क्रू कुठून घालायचा, किती तिरका घालायचा, त्याची रेघसुद्धा.

थिएटरातल्या मोठ्या सिस्टर होत्या, जिभेला धार होती त्यांच्या. त्या म्हणाल्या, "आता रोग्याला कापायचीसुद्धा गरज नाही म्हणजे. नुसतं बघायचं आणि बरं करायचं." त्याच दिवसापासून त्याचं नाव पडलं चष्मेवाला. तो स्वतःच फोन उचलून म्हणायला लागला, "चष्मेवाला बोलतोय." राग नव्हताच पोराला.

एक दिवस थिएटर रिकामं होतं. ही उशा पुसत होती आणि तो एकटाच चष्मा घालून टेबलाभोवती फिरत होता. म्हणाला, "मावशी, घालून बघता?"

"मला लांबचं दिसत नाही. चालेल?"

"याला नंबर नसतो. या."

त्याने स्वतः पट्टा आवळून दिला. टेबलावर हिचीच उशी होती, नुकती पुसलेली, आणि त्या उशीच्या आत अख्खा कणा आडवा पडलेला. पांढरा, एकेक मणका वेगळा. हिने हात पुढे केला तर हात आरपार.

"अगं बाई," ही म्हणाली, "माझ्या उशीत हाडं."

तो हसून हसून खाली बसला. पण ही हसली नाही. वाकून, बाजूने, खालून, सगळीकडून बघितलं. मग विचारलं, "हे चित्र कधी काढलेलं?"

"कालचं. स्कॅनच्या मशीनमध्ये."

"मशीनमध्ये माणूस उताणा असतो ना?"

"हो."

"आणि इथे पालथा."

त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "मावशी, हे मला मोठमोठ्या लोकांना समजावून सांगावं लागतं." मग त्याने तिला सगळं नीट सांगितलं, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं. एका मणक्याला छोटा चिमटा लावायचा. चिमट्यावर खूण असते, ती खूण चष्म्याला दिसते, आणि त्या खुणेवरून चित्र पाठीवर बसतं. मग हाताने चार ठिकाणी टोचून बघायचं, चित्र आणि हाड एक झालंय का. चिमटा ज्या मणक्याला आहे तिथे चित्र पक्कं. जसजसं लांब जावं तसा भरवसा कमी. "पाठ म्हणजे काठी नाही मावशी, साखळी आहे. एक कडी धरली तरी पलीकडची हलतेच. आणि हे चष्म्याला कळत नाही. नसा तर तो दाखवतच नाही. हाड तेवढं दाखवतो, तेही कालचं."

"मग उपयोग काय?"

"ज्याचं हाड बोटाला सापडतच नाही, त्याला उपयोग."

आणि म्हणाला, "म्हणून एकदा चित्र बसवलं की रोग्याला कोणी हात लावायचा नाही. चुकून लागलाच, तर मोठ्याने म्हणायचं, हात लागला. मी थांबेन, परत जुळवून घेईन. रागावणार नाही."

हे त्याने पुढे सगळ्यांना सांगितलं, रोज सांगायचा. पण मनावर घेतलं ते हिने.

त्याने म्हटलेलं खरं करून दाखवलं हं त्याने. एक म्हातारी आली होती. तिची पाठ आधी दोनदा उघडलेली, हाडं एकमेकांत वितळल्यासारखी झालेली, कणा वेलीसारखा वळलेला. मोठ्या डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं होतं, बोटाला काही लागतच नाही म्हणाले. चष्मेवाल्याने ते केलं. आठ स्क्रू. नंतरच्या स्कॅनमध्ये आठही जिथे हवे तिथे. मोठ्या डॉक्टरांनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चाचपडतच होतो म्हणायचं." ती म्हातारी पुढे स्वतःच्या पायाने घरी गेली. जाताना उशीमावशीच्या गालाला हात लावून गेली. त्या दिवशी ही माझ्याकडे आली होती, नुसती उड्या मारायची बाकी होती. इतका आनंद मी तिला तिच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता.

आता पुढचं सावकाश लिही.

एकदा काय झालं, ऑपरेशन रंगात आलेलं आणि हिचं कोपर चादरीला लागलं. चादरीला. हिने लगेच आवाज दिला, "हात लागला." सगळं थांबलं. चष्मेवाल्याने हत्यार खाली ठेवलं, परत चार ठिकाणी टोचून बघितलं, चित्र जुळवलं. कुठे काही हललेलं नव्हतं. पाव तास गेला. भुलीच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघून उसासा टाकला. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही उशा सांभाळा हो, डॉक्टरकी आहे आमच्याकडे." सगळे हसले. तोंडावर फडकी असली तरी हसू डोळ्यांत दिसतंच. चष्मेवाला तेवढा हसला नाही. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाला. पण माणसाचं कसं असतं बघ, एकाने शाबासकी दिलेली विसरते आणि चौघं हसलेली लक्षात राहतात. हिच्या ते मनाला लागलं.

आणि मग तो रंगारी आला.

घरांना रंग देणारा माणूस. परांचीवरून पडला होता, कमरेचा मणका चेपला होता. पाय शाबूत होते. कमरेला पट्टा बांधून स्वतः चालत आला. बायको नव्हती त्याला, एक मुलगी, शिकत होती. जीव घाबरलेला, पण तोंड गप्प बसत नव्हतं. आत न्यायच्या आधी नखं साफ करावी लागतात, बोटाला चिमटा लावतात ना श्वास बघायला, त्याला रंग चालत नाही. याच्या दहाही नखांत फिकट निळा रंग. ही कापूस घेऊन खरवडत बसली.

"जपून मावशी," तो म्हणाला, "कोणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत आहे ती."

"बोलू नकोस, हात हलतो तुझा."

"मला पालथं घालणार म्हणतात. मी पडलो तोही उताणा पडलो होतो. पालथं पडायची सवय नाही मला."

"मी आहे ना घालायला."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हलू देऊ नका मला. एकदा हललो परांचीवर, तेवढं पुरे झालं."

ही म्हणाली, "मी आहे तोवर तू एक दोरा हलणार नाहीस."

हे शब्द तिने मला किती वेळा म्हणून दाखवले असतील. शेवटी शेवटी तर नुसतं "एक दोरा" एवढंच म्हणायची.

त्याला पालथा केला, उशा लावल्या, पाठ उघडली. चिमटा वरच्या मणक्याला लावला. चित्र बसवलं, टोचून बघितलं, पक्कं. वरचे स्क्रू गेले, सुंदर गेले. आता राहिले खालचे दोन. तेवढ्यात हिला स्टुलावरून दिसलं, उजव्या कमरेखालची उशी हळूहळू बाहेर येतेय. पोट टेबलाला टेकायला लागलंय. आता रक्त वाढणार. आणि तो हलणार. तिने त्याला शब्द दिला होता.

मग तिने विचार केलाच नाही बघ. इतकी वर्षं जे केलं तेच केलं. चादरीखाली वाकली, खांदा लावला, उशी आत ढकलली. कंबर वर उचलली गेली. किती? नखाएवढी. बाहेर आली, स्टुलावर बसली, आणि बसल्यावर तिच्या डोक्यात लख्ख पडलं, आपण काय केलं ते. चिमटा वर आहे. कंबर खाली आहे. साखळी.

तिने तोंड उघडलं होतं. मला शपथेवर सांगितलंय तिने. जीभ टाळ्याला लागली होती. तेवढ्यात सिस्टरनी सहज मान वळवून बघितलं. नुसतं बघितलं, काही बोलल्यासुद्धा नाहीत. आणि हिच्या कानात परत ते हसू वाजलं. नखाएवढी तर हलली, मनात म्हणाली. मागच्या वेळी काहीच झालं नव्हतं. तोंड मिटलं.

आणि वरून चष्मेवाल्याने विचारलं. तोही आता मोठ्या डॉक्टरांसारखं विचारायला शिकला होता. "मावशी, ठीक?"

ही म्हणाली, "ठीक."

खालचे दोन स्क्रू गेले. शेवटी एक्स-रे काढला, सगळं सरळ दिसलं. एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच, सावलीत दोन तांदळांचा फरक कुठे कळतो? रंगारी जागा झाला. डावा पाय हलवला. उजवा गुडघा हलवला. आणि उजवं पाऊल वर उचला म्हटलं तर पाऊल लोंबतच राहिलं. "झोपलंय अजून," तो म्हणाला, "उठवू नका, मेहनत झालीय त्याची." कोणी हसलं नाही.

स्कॅन केला. खालचा उजवा स्क्रू आतल्या बाजूला सरकून नसेला लागला होता. मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी परत उघडलं, बोटाने जागा शोधून स्क्रू बदलला. नस तुटलेली नव्हती, दुखावलेली होती. येईल म्हणाले, वर्षभर वाट बघा.

दोन दिवसांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. ही बाहेरच्या वाटेत खोळी घड्या घालत होती. दार अर्धं उघडं होतं. मोठ्या डॉक्टरांनी एकेकाला विचारलं, कोणाचा हात लागला होता का? मदतीला होता तो डॉक्टर नाही म्हणाला. भुलीचे नाही म्हणाले. एक्स-रे मशीनवाला नाही म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "माझ्यासमोर तरी नाही." हिच्या हातात घडी तशीच राहिली. आता मला बोलावतील, आता बोलावतील. मनाने तिने ठरवलं होतं, विचारलं की सांगायचं.

कोणी बोलावलं नाही. उशा लावणाऱ्या बाईला कोण विचारतंय?

उलट चष्मेवाल्याचा आवाज आला. "लागला असता तर सांगितलं असतं सर. इथली माणसं सांगतात. मावशींचं तर एकदा चादरीला कोपर लागलं, तेही त्यांनी सांगितलं होतं."

हे ऐकून ती भिंतीला टेकून खाली बसली म्हणे.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मग चष्मा चुकला. नाहीतर तू. खालच्या मणक्याला जाताना परत टोचून का नाही बघितलंस? बोट का नाही घातलंस?"

तो म्हणाला, "घालायला हवं होतं."

"हवं होतंच. ते खेळणं काढल्यापासून तुझी बोटं झोपली आहेत."

आणि हेही खरंच आहे गं, त्याने बघायला हवं होतं. ती मलाही म्हणायची, थोडं त्याचंही चुकलं होतं. पण लगेच म्हणायची, त्याने विचारलं होतं मला. त्याने विचारलं आणि मी ठीक म्हणाले.

चष्मा पेटीत गेला. आणि पेटी ठेवली कुठे, तर उशांच्या खोलीत. दुसरीकडे जागा नव्हती. रोज सकाळी दार उघडलं की समोर ती पेटी. ही तिच्यावरची धूळ पुसायची.

सहा-सात महिन्यांनी चष्मेवाला सोडून गेला. जायच्या दिवशी उशांच्या खोलीत आला. कपाळावर पट्ट्याचा वळ होता त्याच्या, कायमचाच पडला होता, बारीक, भुवईच्या वर. म्हणाला, "मावशी, पहिल्या दिवशी बरोबर प्रश्न तुम्हीच विचारला होतात. उताणा की पालथा. मीच विसरलो."

दार बंद होतं. खोलीत दोघंच. याहून चांगली वेळ कुठली असणार? आणि ही काय म्हणाली, तर "सांभाळून जा." एवढंच. तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

रंगाऱ्याच्या घरी मात्र ती जायला लागली. महिन्या-दोन महिन्यांनी. वर्ष झालं, पाऊल आलं नाही. पायाला प्लास्टिकची पट्टी बांधून चालायचा, पाऊल फटफट वाजायचं. शिडी बंद, परांची बंद. दारं काढून आणायचा, अंगणात दोन स्टुलांवर आडवी टाकायची आणि रंगवायची. भिंतीचं काम आलं तर खालची अर्धी भिंत हा रंगवायचा आणि वरची अर्धी मुलगी. मुलीचं शिक्षण सुटलं त्यात. कोणी सोड म्हटलं नव्हतं, पण शिडीवर कोणीतरी चढायला हवं ना.

"आमची वाटणी झालीय," तो म्हणायचा. "जमीन माझी, आकाश हिचं."

उशीमावशी त्याच्याकडे गेली की तो खुर्ची पुसून द्यायचा. आणि कोणी आलं-गेलं असलं की ओळख करून द्यायचा, "या मावशींनी मला हलू दिलं नव्हतं हं. पाऊल गेलं ते गेलं, पण यांनी शब्द पाळला."

दोन वर्षं तिने हे ऐकून घेतलं. कसं ऐकलं असेल ते तिचं तिला माहीत. मला विचारलंस तर पाऊल गेलं त्याचं आणि वाळली ही.

मग एक दिवस ती गेली तेव्हा तो डब्यात रंग ढवळत बसला होता. मुलगी शिडीवर होती, आतल्या खोलीत. त्याने शेजारच्या कोणाला तरी हिची ओळख करून दिली, तेच शब्द. तो माणूस निघून गेला. आणि हिने सांगून टाकलं. सगळं. उशी, खांदा, सिस्टरचं बघणं, ठीक म्हणालेली ते.

तो ढवळतच राहिला. ढवळून झालेला रंगसुद्धा ढवळत राहिला.

"म्हणजे तुम्ही मला सांभाळायला गेलात," तो म्हणाला.

"हो."

"आणि मग बोलला नाहीत."

"नाही बोलले."

"बोलला असता तर?"

"पाव तास लागला असता. परत जुळवून घेतलं असतं त्याने."

आतून मुलीने हाक मारली, बाबा, ब्रश द्या. हा उठला, फटफट करत गेला, ब्रश दिला, परत आला. बसला नाही.

"पहिलं मला समजतं मावशी," तो म्हणाला. "दुसरं नाही समजत." मग म्हणाला, "आता तुम्ही येऊ नका."

ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. तो ओरडला नाही. नेहमी काहीतरी थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी एक शब्द वाकडा नाही की गमतीचा नाही. ती परत कधी गेली नाही. त्या गल्लीतूनसुद्धा गेली नाही.

तिथून ती थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते निवृत्त झाले होते तोवर, घरी होते. दारातच उभं राहून तिने सांगितलं. त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. म्हणाले, "मी त्याला काय काय बोललो." मग म्हणाले, "आम्ही तुला विचारलं नाही, मावशी. खोलीतल्या सगळ्यांना विचारलं आणि तुला विचारलं नाही." ती म्हणाली, "त्याने विचारलं होतं."

त्यांनी चष्मेवाल्याला फोन लावला. नंबर बंद. तो जिथे गेला होता त्या हॉस्पिटलात लावला. तिथले म्हणाले, तो इथून गेला, वर्ष झालं. ऑपरेशनं करणं त्याने सोडलं. कोणी म्हणतं शिकवतो, कोणी म्हणतं तेही नाही. चिठ्ठी पाठवली, ती जशीच्या तशी परत आली. मोठे डॉक्टर होते तोवर शोधत राहिले. आता तेही नाहीत.

हॉस्पिटलात आता नवा चष्मा आलाय म्हणे, हलका, नाकावर मावणारा. आधीपेक्षा पुष्कळ नीट चालतो. त्या म्हातारीसारख्या किती जणी चालत घरी गेल्या असतील. ही ते ऐकायची आणि खिडकीकडे तोंड करायची. जी पाठ चष्मेवाला सरळ करणार होता आणि केली नाही, तीही कोणाची तरी असेलच ना, म्हणायची.

वारायच्या आठ दिवस आधी तिने माझा हात धरला. "ताई," म्हणाली, "तुला लिहिता येत नाही, मला येत नाही. पण तुझी नात लिहिते. तिच्याकडून लिहून घे." म्हणून तुला बसवलंय. कपाट राहू दे आजच्या दिवस.

आता हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिही, वाचणाऱ्याला सांगतेय मी. बाबा रे, बाई गं, तुम्ही जे कोणी हे वाचताय, तुम्हाला कुठे एखादा डॉक्टर भेटला, डावखुरा, चहाऐवजी गरम पाणी मागणारा, कपाळावर भुवईच्या वर पट्ट्याचा बारीक वळ असलेला, आणि पाठीच्या ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलणारा, तर त्याला एवढं सांगा. उशीमावशीने निरोप ठेवलाय. चष्मा चुकला नव्हता. तुझी बोटंही झोपली नव्हती. तू विचारलंस तेव्हा ठीक नव्हतं. हात लागला होता.